शर्यत लांबची, बूट आपल्या मापाचा

विनयपिटकातील महावग्गाच्या पाचव्या प्रकरणाचे नावच मुळी ‘चम्मक्खन्धक’ आहे. म्हणजे चामड्याचे प्रकरण. त्यात सोण कोळिविस नावाच्या भिक्खूची कथा येते. चंपा नगरीतील धनाढ्य श्रेष्ठीचा हा मुलगा इतक्या लाडात वाढलेला की त्याच्या तळपायांवर लव उगवली होती. ते पाय पाहावेत म्हणून खुद्द राजा बिंबिसाराने त्याला राजगृहाला बोलावून घेतले होते. पुढे सोण तथागतांच्या संघात आला आणि शीतवनात राहून अतिशय जिद्दीने साधना करू लागला. येरझारा घालून घालून त्याचे पाय फुटले आणि त्याची चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. एवढे करूनही हाती काही लागेना, तेव्हा घरी परत जावे असा विचार त्याच्या मनात आला. तथागत स्वतः त्याच्याकडे गेले आणि त्याला विचारले, तू घरी असताना वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर ती वाजते का? फार सैल सोडल्या तर वाजते का? सोणाला उत्तर समजले.

ही वीणेची उपमा आपल्या विहारांतून अनेकांनी ऐकलेली असते. त्यापुढची हकिकत मात्र क्वचितच सांगितली जाते. तथागतांनी सोणाला एका तळाची पादत्राणे वापरण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, सगळ्या संघाला मिळणार असतील तरच मी घालीन. मग ती परवानगी साऱ्या संघाला दिली गेली.

आपल्या घरांतील ज्येष्ठांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. गावकुसाबाहेरच्या माणसाने चावडीवरून किंवा वाड्यापुढून जाताना वहाणा काढून हातात घ्यायच्या, हा रिवाज कित्येक गावांत होता. म्हणून आज वस्तीतल्या पोराने किंवा पोरीने धावण्यासाठी बूट मागितला, तर त्याला चैन म्हणून झिडकारू नये. मात्र बूट म्हणजे प्रतिष्ठेची पाटीही नव्हे. पायाचे रक्षण करणारे ते एक साधन आहे आणि साधन म्हणूनच ते पारखून घ्यावे.

पहाटे कोणत्याही मोकळ्या मैदानावर जाऊन पाहा, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. त्यांतली काही जण भरतीनंतर, काही जण भरती हुकल्यावर आणि काही निव्वळ आवडीने लांब पल्ल्याकडे वळतात. पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये आणि मुंबईत २००४ मध्ये सुरू झाली. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात डोंगरी अर्धमॅरेथॉन होते. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, अर्धी २१.०९७५ किलोमीटरची. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी दहा किलोमीटर पूर्ण करावे आणि मग अर्धमॅरेथॉनचा विचार करावा. पूर्ण मॅरेथॉनचे नाव पहिली दोन वर्षे काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. येथे आपण अर्धमॅरेथॉन डोळ्यांपुढे ठेवून बोलू.

बुटाचा विषय निघाला की कोणी तरी हमखास म्हणतो, “धावायला बूट कशाला? अबेबे बिकिला अनवाणी धावला होता.” ते खरे आहे. इथिओपियाच्या या सैनिकाने १९६० च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी, २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकली. आपल्याकडचे शिवनाथ सिंगही अनवाणी धावण्यासाठी प्रसिद्ध होते. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉनमध्ये अकरावे आले आणि १९७८ साली जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांचा जो राष्ट्रीय विक्रम केला, तो पुढे चार दशकांहून अधिक काळ कोणाला मोडता आला नाही. पण याच बिकिलाने १९६४ मध्ये टोकियोत बूट-मोजे घालून मॅरेथॉन पुन्हा जिंकली, तीही अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवड्यांत आणि रोमपेक्षा तीन मिनिटे कमी वेळेत. ही बाजू कोणी सांगत नाही. ज्यांचे पाय लहानपणापासून मातीत तयार झाले, त्यांनी खुशाल अनवाणी धावावे. फुटक्या काचा, खिळे आणि सिमेंटचा रस्ता ज्यांच्या वाट्याला आहे, त्यांनी बिकिलाचे नाव पुढे करून बुटाचे पैसे वाचवू नयेत. आपल्या आजोबांचे अनवाणी चालणे ही त्यांची आवड नव्हती.

आता प्रत्यक्ष खरेदी. आपल्या घरांत थोरल्याचे कपडे धाकट्याला, धाकट्याची पुस्तके शेजारच्याला, अशी काटकसरीची चांगली परंपरा आहे. धावण्याचा बूट मात्र याला अपवाद ठरवावा. प्रत्येक माणसाच्या पायाचा दाब वेगळा पडतो आणि त्या दाबाप्रमाणे तळाचा फोम एका बाजूने बसतो. थोरल्या भावाने वर्षभर वापरलेला बूट धाकट्याच्या पायाला थोरल्याच्या चालीने चालायला लावतो. त्यातून गुडघा दुखू लागला की मग “याला धावणे झेपत नाही” असे ठरवून सगळे मोकळे होतात.

दुसरा फसवा व्यवहार फूटपाथवरच्या ‘फर्स्ट कॉपी’चा. वर मोठ्या कंपनीचे चिन्ह, आत कडक तळ. चार-पाच चौकांपर्यंत शान राहते, मग टाच दुखते. त्या पैशात थोडी भर घालून साध्या, पण खऱ्या कंपनीचा साधा बूट घ्यावा. दोन ते चार हजार रुपयांत नवशिक्याला पुरेल असा धावण्याचा बूट मिळतो आणि सवलतीच्या दिवसांत मागच्या वर्षीचे मॉडेल आणखी स्वस्तात पडते. मॉडेल जुने झाले म्हणून पायाचे काही बिघडत नाही. तळात कार्बनची पट्टी बसवलेले महागडे बूट जाहिरातीत दिसतात. ते वेगवान, मुरलेल्या धावपटूंसाठी असतात. कर्ज काढून ते घेणाऱ्याला आम्ही समजदार म्हणणार नाही.

दुकानात संध्याकाळी जावे. दिवसभर उभे राहून, चालून पाय किंचित फुगतो आणि लांब धावतानाही तो तसाच फुगतो. सकाळी नेमका बसलेला बूट पंधराव्या किलोमीटरला बोटे चिरडतो. ज्या मोज्यांवर धावणार तेच मोजे बरोबर न्यावेत. दोन्ही पायांत बूट घालून, उभे राहून पाहावे, कारण पुष्कळांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतो. माप नेहमी मोठ्या पायाचे धरावे. सर्वांत लांब बोटाच्या पुढे (ते अंगठाच असेल असे नाही) हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. पुढच्या भागात बोटे पसरता आली पाहिजेत, टाच मात्र वरखाली सरकता कामा नये. मग बूट हातात घेऊन वाकवावा. बोटांच्या सांध्याजवळ वाकला तर ठीक, मधोमध घडी पडली तर परत ठेवावा. शेवटी दुकानातच, लाज न बाळगता, पाच-दहा पावले धावून पाहावे. विक्रेता घाई करू लागला तर दुसरे दुकान गाठावे. पैसे आपले आहेत.

दुकानदार पुष्कळदा पायाच्या कमानीबद्दल बोलतो. तुमचा पाय सपाट आहे, आतल्या बाजूला कलतो, म्हणून हा विशेष बूट घ्या, असे सांगतो. ओला पाय जमिनीवर उमटवून बूट ठरवण्याची रीत पूर्वी सर्वत्र होती. अमेरिकेच्या सैन्यदलांनी नव्याने भरती झालेल्या जवानांवर याची तपासणी केली. काहींना कमानीच्या आकारानुसार निरनिराळे बूट दिले, तर काहींना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणून ज्याला पायाचा जुना आजार नाही, त्याने त्या भानगडीत न पडता जो बूट पायाला सुखावतो तोच घ्यावा. पायाला ठसठस, मधुमेह किंवा जन्मतः काही दोष असेल, तर मात्र दुकानदाराऐवजी डॉक्टरांना विचारावे.

तळाच्या फोमचे आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर असते. आठवड्याला २५ किलोमीटर धावणाऱ्याला एक जोड सहा महिन्यांच्या आसपास पुरतो. तो टिकवायचा असेल तर कामावर आणि बाजारात तो घालू नये. चपला त्यासाठीच आहेत. वरचे कापड उसवले तर चौकातला चर्मकार बांधव दोन टाके घालून सुरेख नीट करून देतो, पण दबलेला फोम जगातला कोणताही कारागीर पुन्हा फुलवू शकत नाही. तळाला बाजूने आडव्या सुरकुत्या पडल्या, किंवा काही कारण नसताना नडग्या आणि गुडघे कुरकुरू लागले, की बूट संपला असे समजावे, वरून तो कितीही नवा दिसो.

पावसाळ्यात भिजलेला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये, गोंद सुटतो. आतला तळवा काढून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाऱ्यावर ठेवावा आणि बोळे दोन-तीनदा बदलावेत. (कृपया यासाठी आपले साप्ताहिक वापरू नका. त्यात बाबासाहेबांचे छायाचित्र असते.)

मोज्यांकडे कोणी लक्ष देत नाही. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओल्या कातडीवर फोड येतो. कृत्रिम धाग्याचा पातळ मोजा बरा. घासणाऱ्या जागी व्हॅसलिन लावावे, नखे सरळ आणि आखूड कापावीत.

बूट झाला, आता वीणा.

सरावाची जी वेळापत्रके छापून येतात, ती बहुधा खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. आपल्या घरातला माणूस आठ-बारा तास पहारेकरी म्हणून उभा असतो, सफाईच्या गाडीमागे चालतो, बांधकामावर घमेली वाहतो किंवा चार घरची धुणी-भांडी करून येतो. हे श्रम पायांच्या हिशेबात धरलेच पाहिजेत. छापील तक्त्यात आठवड्याला पाच दिवस धावणे असेल तर अशा व्यक्तीने तीनच दिवस धावावे आणि त्याबद्दल मनात कमीपणा आणू नये. रात्रपाळी करून आल्यावर लगेच धावायला जाऊ नये. आधी झोप. शरीर सुधारते ते विश्रांतीत.

जानेवारीची शर्यत धरली तर आपले स्वतःचे कॅलेंडर सरावाला छान जुळते. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते, तर पहाट आपली. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटे धावणे, दोन मिनिटे चालणे, असे अर्धा तास. धावण्याची मिनिटे हळूहळू वाढवत, चालण्याची कमी करत जावे. वेग एवढाच ठेवावा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. धाप लागून शब्द तुटू लागले की वेग कमी करायचा. पहिले तीन महिने याहून जोरात धावण्याची गरज नाही. तरुण मुलांना हे पटत नाही. त्यांना रोज कोणाला तरी हरवायचे असते! परंतु हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात, हाडे आणि स्नायुबंध यांना महिने लागतात. दम टिकतो म्हणून पोरगा धावत सुटतो आणि नडगीचे हाड मागे राहते.

अश्विन पौर्णिमेपर्यंत सात-आठ किलोमीटर न थांबता, सावकाश धावता आले म्हणजे पाया पक्का झाला. तेथून आठवड्यातले दोन दिवस पाच-सहा किलोमीटर आणि रविवारी एक लांब धाव. ही लांब धाव आठवड्याला एखाद-दुसरा किलोमीटर वाढवावी आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करावी. एकूण अंतर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असा जुना ठोकताळा आहे. तो काही निसर्गनियम नव्हे, पण उतावळ्या माणसाला लगाम म्हणून उपयोगी पडतो. महापरिनिर्वाण दिनाचा आठवडा हलका ठेवावा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर रांगेत किंवा स्वयंसेवक म्हणून तासन् तास उभे राहिल्यावर दुसऱ्या दिवशी चौदा किलोमीटर धावणे म्हणजे तार ताणणे आहे. डिसेंबरच्या अखेरच्या रविवारपर्यंत अठरा किलोमीटर झाले की पुरे. एकवीसचा आकडा सरावात गाठण्याची आवश्यकता नाही. १ जानेवारीला भीमा-कोरेगावला जाऊन आल्यानंतरचे उरलेले आठवडे अंतर कमी करत आणायचे. या दिवसांत “सराव सुटतोय” या भीतीने जादा धावणारे पुष्कळ असतात. शेवटच्या दहा दिवसांत नवी ताकद येत नाही. आलेला थकवा मात्र उतरत नाही.

नडगीबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण भरतीच्या मुलांचे सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. नडगीच्या आतल्या बाजूला वीतभर पसरलेली दुखण, जी धावणे कमी केल्यावर ओसरते, ती विश्रांतीने बरी होऊ शकते. परंतु बोटाच्या टोकाने दाबल्यावर हाडावर एकाच जागी कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा असण्याचा संभव आहे. तेव्हा वेदनाशामक गोळी घेऊन मैदानावर जाणे हा शूरपणा नव्हे. सहा ते आठ आठवडे थांबून बरा होणारा तडा गोळीच्या जोरावर पुरता मोडू शकतो. आणि मग भरतीही जाते, शर्यतही. पहिल्या एक्स-रेत असा तडा पुष्कळदा दिसत नाही. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणे कायम असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

मुलींच्या बाबतीत एक तपासणी अगदी आवश्यक आहे, ती हिमोग्लोबिनची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्तच कमी असेल तर पोरगी दोन फेऱ्यांत थकते आणि घरचे तिला आळशी ठरवतात. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते, लोहाच्या गोळ्याही मिळतात. जोडीला अंडी, मटण-कलेजी, नाचणी, हरभरा, पालेभाज्या आणि वर लिंबू. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही. धावण्यासाठी घट्ट बसणारी खास ब्रेसियर लागते, तिचा खर्च बुटाइतकाच आवश्यक मानावा. पाळी दोन-तीन महिने बंद झाली तर ‘बरे झाले’ म्हणून सोडून देऊ नये. खाणे कमी आणि श्रम जास्त होत असल्याची ती खूण असू शकते.

सासर-माहेरच्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावातून ललिता बाबर निघाल्या, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. नाशिकच्या आदिवासी पाड्यातील कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. पहाटे पोरीला एकटीने बाहेर सोडायचे नसेल तर चार जणींचा गट करावा, नाहीतर भावाने सोबत धावावे. तिला घरी बसवणे हा उपाय नव्हे.

खाण्यासाठी पावडरचे डबे लागत नाहीत. भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे-गूळ, केळे, सुकट-बोंबील यांवर अर्धमॅरेथॉन उत्तम पार पडते. पाणी तहानेनुसार, घोट घोट प्यावे. भीतीपोटी लिटरच्या लिटर पाणी रिचवल्यास रक्तातील मीठ पातळ होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. तासाहून अधिक धावायचे असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली बरोबर ठेवावी. चमचा चहाचा. चाळिशीपुढच्यांनी, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी आणि ज्यांच्या घरात कोणी कमी वयात हृदयविकाराने गेले आहे त्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. धावताना छातीत दाब आला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तेथेच थांबावे. ताप असताना तर अजिबात धावू नये.

शर्यतीच्या दिवशी नवे काहीही अंगावर किंवा पोटात नको. बूट किमान पन्नास-साठ किलोमीटर वापरलेला असावा. दोन-अडीच तास आधी रोजच्या सवयीचे हलके खाणे घ्यावे, थोडे पोहे किंवा केळे-चपाती. नाडी बांधताना वरच्या शेवटच्या भोकाचा उपयोग करून टाच घट्ट करावी आणि दुहेरी गाठ मारावी. सुरुवातीला गर्दी, ढोल, टाळ्या यांनी पाय आपोआप सुटतात. पहिले पाच किलोमीटर सरावातल्यापेक्षाही थोडे सावकाश काढावेत, म्हणजे शेवटच्या चढाला पाय शिल्लक राहतात. शर्यत संपल्यावर एकदम बसू नये, दहा मिनिटे चालत राहावे. घरच्या माणसाकडे पिशवीत कोरडा सदरा, मीठ-साखरेचे पाणी आणि आपल्या रोजच्या चपला देऊन ठेवाव्यात.